विषाचा भयपट वऱ्हाडात कसा घडतो

नोव्हेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर आणि वापरावर साठ दिवसांची बंदी घातली. बंदी पाच जिल्ह्यांपुरती होती : यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम. त्याआधीचे काही महिने यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक दाखल होत होते. शेकडो जणांवर उपचार झाले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली, काहींची नजर अधू झाली. बंदी आली तोवर हंगामातल्या बहुतेक फवारण्या आटोपल्या होत्या.

जगभरच्या सिनेमात पर्यावरणीय भयपट नावाचा एक प्रकार आहे. त्यात पिंपळावरचं भूत नसतं, वाड्यातली हडळ नसते. माणसानेच नदीत, विहिरीत किंवा मातीत सोडलेलं काहीतरी असतं आणि ते त्याच्या अंगावर उलटतं. वाशीमसारख्या जिल्ह्यातल्या एखाद्या गावावर असा चित्रपट करायचा ठरवला तर त्याची यंत्रणा कशी चालेल, तिचे कोणते भाग घडलेल्या गोष्टींतून जसेच्या तसे उचलता येतील आणि लेखकाने कल्पनेला कुठे आवर घालावा, हे इथे सावकाश पाहू. माझं म्हणणं आधीच सांगतो. इथे राक्षस घालण्याची गरज नाही. घातला तर चित्रपट खोटा पडेल आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवं ते सुटतील.

राक्षसाची परंपरा जुनी आहे. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. त्याच वर्षी इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिला, पडद्यावर आला. बोंग जून-हो यांच्या ‘द होस्ट’ची (२००६) सुरुवात सोल शहरात अमेरिकी लष्कराच्या तळावरून फॉर्मल्डिहाइड गटारात ओतण्याच्या प्रसंगाने होते, आणि तो प्रसंग २००० साली खरोखर घडलेला होता. जॉन फ्रँकनहायमर यांच्या ‘प्रॉफेसी’त (१९७९) कागद गिरणीचा पारा जंगलाच्या पाण्यात मिसळतो आणि एक विद्रूप अस्वल जन्माला येतं. या शेवटच्या चित्रपटात या वाटेचा धोका स्पष्ट दिसतो. अस्वल आलं की पारा मागे पडतो. प्रेक्षक अस्वल मरायची वाट पाहतो, आणि ते मेलं की निश्चिंत घरी जातो. गिरणी चालूच असते.

आपल्या विषयाच्या अगदी जवळ जाणारा एक फ्रेंच चित्रपट आहे, जाँ रोलँ यांचा ‘मृत्यूची द्राक्षं’ (१९७८). एका खेड्यातल्या द्राक्षमळ्यांवर नवीन कीटकनाशक फवारलं जातं, त्याच द्राक्षांची दारू गाव पितं, आणि माणसांची अंगं सडू लागतात, डोकी फिरतात. कल्पना पिकाची आणि फवाऱ्याची आहे, म्हणून वऱ्हाडातल्या माणसाला ती लगेच कळेल. पण तिथेही शेवटी पिसाळलेली माणसंच पडदा व्यापतात.

मला उपयोगी वाटतो तो बॅरी लेव्हिन्सन यांचा ‘द बे’ (२०१२). लेव्हिन्सन बाल्टिमोरचे, म्हणजे चेसापीक उपसागराच्या काठचे. त्या उपसागराच्या प्रदूषणावर माहितीपट करण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला होता; त्यांनी त्याचा भयपट केला. कोंबड्यांच्या खुराड्यांची विष्ठा पाण्यात जाते, पाण्यातले परजीवी किडे वाढतात, आणि चार जुलैच्या सणाच्या दिवशी एक लहान गाव कोलमडतं. किड्यांचं ते रूप कल्पनेतलं असलं तरी चित्रपटाची बांधणी शिकण्यासारखी आहे. सगळी हकीकत वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या तुकड्यांतून जुळवलेली आहे : एका वार्ताहर मुलीचं चित्रीकरण, दोन समुद्रशास्त्रज्ञांच्या नोंदी, इस्पितळातल्या डॉक्टरचं सरकारी खात्याशी बोलणं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे. सगळे तुकडे एकत्र असते तर गाव वाचलं असतं. खऱ्या विषबाधेची गोष्टही अशीच विखुरलेली असते, हे पुढे दिसेल.

आता गोष्टीच्या सुरुवातीकडे येऊ. अशा चित्रपटात पहिली खूण प्राण्यांकडून येते, आणि ती चित्रपटवाल्यांची युक्ती नाही. जपानच्या मिनामाता गावात १९५० च्या दशकात माणसांचा आजार नोंदला जाण्याआधी मांजरं वेड्यासारखी नाचत, झटके येऊन मरत होती. त्यांनी कारखान्याच्या पाऱ्याने बाधलेले मासे खाल्ले होते. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात ससाण्यासारखे हजारो शिकारी पक्षी शेतांत मरून पडले. त्यांनी खाल्लेल्या नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलेलं होतं. हे नाव लक्षात ठेवावं. ते वऱ्हाडातही येणार आहे. रेचेल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) हे शास्त्रीय पुस्तक सुरू केलं तेच एका काल्पनिक गावाने, जिथे वसंत येतो पण पक्षी गात नाहीत. त्यांनी तिथेच सांगून टाकलं आहे की असं एक गाव कुठे नाही, पण त्यातली प्रत्येक आपत्ती कुठे ना कुठे घडलेली आहे. पर्यावरणीय भयपटासाठी याहून प्रामाणिक नियम मला माहीत नाही : गाव कल्पनेतलं चालेल, आपत्ती खरी हवी.

वाशीममध्ये ही खूण कुठे शोधायची? जिल्हा सोयाबीन, तूर आणि कपाशीचा. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. पूर्वेला यवतमाळ लागूनच. कारंजा-सोहळचं काळवीट अभयारण्य शेतांच्या मधोमध आहे. तुरीच्या फुलोऱ्यावरून मधमाश्या कमी होणं, धुऱ्यावर चरणाऱ्या बकरीच्या तोंडाला फेस येणं, असल्या दृश्यांपासून पटकथा सुरू होऊ शकते. कॅमेऱ्याने तिथे थांबावं आणि संगीताने गप्प राहावं. वावरात काम करणारा माणूस या खुणा पाहतो, पण हंगामाच्या घाईत त्याला त्यांच्यापाशी थांबता येत नाही. प्रेक्षकाने थांबावं.

दुसरा भाग विषाच्या वाटेचा, आणि इथे २०१७ चा हंगाम बारकाईने पाहावा लागतो. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. बीटी कपाशीच्या बियाण्यातली दोन विषारी प्रथिनं या अळीला मारण्यासाठी होती. अळी त्यांना सरावली होती. बियाणं महाग घेऊनही बोंडात अळी निघू लागली, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती फवारणीखेरीज काय उरलं? त्यात पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली, दाट झाली, बऱ्याच ठिकाणी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. कमरेएवढ्या पिकावर फवारताना नोझल खाली धरलं जातं आणि तुषार खाली पडतात. डोक्याएवढ्या पिकावर फवारताना नोझल वर धरावं लागतं. तुषार वर जातात आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर, छातीवर उतरतात. दोन तासांपूर्वी फवारलेल्या ओळीतून पुढे जाताना ओली पानं अंगाला घासतात. पाठीवरच्या पंपाचं झाकण सैल असेल तर औषध पाठीवरून कंबरेत, कंबरेतून पँटमध्ये झिरपतं.

हाताने दाबायच्या पंपाऐवजी बॅटरीचे आणि इंजिनाचे पंप आले होते. त्यांच्या जोरदार दाबाने तुषार बारीक होतात. बारीक तुषार पानावर चांगले पसरतात, म्हणून ते आवडतात. पण ते हवेत जास्त वेळ तरंगतात आणि श्वासातून आत जातात. एका टाकीत एकच औषध असेल असंही नाही. अळीसाठी एक, रस शोषणाऱ्या किडीसाठी दुसरं, वाढीसाठी टॉनिक, असं मिश्रण कृषी केंद्रावरच्या सल्ल्याने केलं जातं. अशा मिश्रणांची सुरक्षितता कोणत्याही लेबलवर छापलेली नसते, कारण लेबल एकेका औषधाला मंजूर होतं. आणि फवारणारा बहुधा मजूर असतो. मालक आपल्या वावरात हंगामात काही वेळा फवारतो. मजूर रोज नव्या वावरात फवारतो. गावात ज्याचा हात फवारणीला चांगला, त्याला हंगामभर मागणी. म्हणजे जो सर्वांत कुशल, त्याच्याच अंगात सर्वांत जास्त विष.

त्वचेची गोष्ट चित्रपटात दाखवणं अवघड आहे, पण दाखवायलाच हवी. फवारणीतलं विष अंगात जातं ते मुख्यतः त्वचेतून. तळहाताची जाड कातडी ते हळू शोषते. मांडीच्या सांध्याची आणि जननेंद्रियांची पातळ कातडी अनेक पट वेगाने शोषते. घाम आणि ऊब असली की वेग आणखी वाढतो. सप्टेंबरच्या उकाड्यात भिजलेली पँट दिवसभर अंगावर राहणं ही या चित्रपटातली सर्वांत भीषण गोष्ट आहे, आणि तिला कसलाही आवाज नाही.

शरीरात पुढे काय होतं? बंदी घातलेल्या पाचांमध्ये मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस (सायपरमेथ्रिनच्या मिश्रणात) आणि ॲसिफेट ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली होती. या गटाचा उगम सांगण्याजोगा आहे. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ नवीन कीटकनाशक शोधत होते. त्यांच्या हाती ‘टॅबून’ लागलं, ते युद्धात वापरायचा मज्जावायू ठरलं. कीड आणि माणूस यांच्या मज्जातंतूंची भाषा एकच आहे, म्हणून एकाला मारणारी गोष्ट दुसऱ्यालाही मारते. फरक मात्रेचा.

मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला आज्ञा देतो तेव्हा त्याच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. आज्ञा पोहोचली की कोलिनएस्टरेज नावाचं विकर ते रसायन क्षणात मोडून टाकतं. ओलीत करताना सरीत पाणी भरलं की माणूस माती लावून ते लगेच पुढच्या सरीत वळवतो, तसं हे काम. सेंद्रिय फॉस्फरस त्या विकराला चिकटतं आणि त्याला निकामी करतं. मग पाणी वळवणारा कोणी उरत नाही. आज्ञा सुटत राहते, थांबत नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगातून घाम. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि दिसणं धूसर होतं. उलटी, जुलाब, पोटात पिळवटणं. स्नायू थरथरतात आणि मग थकून ढिले पडतात. छातीत स्राव भरतो. श्वास चालवणारे स्नायू थांबले की माणूस जातो. म्हणजे तो स्वतःच्याच पाण्यात बुडतो, कोरड्या खाटेवर.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. ॲट्रोपिन हे औषध त्या न थांबणाऱ्या आज्ञेचा परिणाम अडवतं. छाती कोरडी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. प्रालिडॉक्सिम विकराला चिकटलेलं विष सोडवू शकतं, पण वेळेत दिलं तर. उशीर झाला की पकड कायमची होते आणि शरीराला नवं विकर तयार करावं लागतं. त्याला आठवडे लागतात. शुद्धीवर आलेला, बरा वाटणारा रुग्ण एक ते चार दिवसांनी पुन्हा ढासळू शकतो. मान उचलता येत नाही, श्वास लागतो. पटकथाकाराला अशी कलाटणी सुचवावी लागणार नाही, वैद्यकाच्या पुस्तकात ती आहेच. इथेच रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजण्याची साधी तपासणी कामाला येते. २०१७ मध्ये ती सोय जिथे सर्वांत जास्त हवी होती तिथेच अपुरी होती, हे मला आजही खटकतं. भयपटाला हे पुरेसं आहे : विष ओळखायचं साधन जगात आहे आणि गावापासून दूर आहे.

पाचांतली उरलेली दोन वेगळ्या कुळातली होती : डायफेन्थियुरॉन, आणि फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण. त्यांचं काम शरीरात वेगळ्या वाटेने चालतं आणि त्यांना ॲट्रोपिनसारखा नेमका उतारा नाही. समोर आलेल्या बेशुद्ध माणसाने नेमकं काय फवारलं हे डॉक्टरला कळलं नाही, तर उपचार अंदाजाने करावे लागतात. डायफेन्थियुरॉनचा धागा पुढे स्वित्झर्लंडपर्यंत गेला, कारण ते बनवणारी कंपनी तिथली होती. यवतमाळच्या बाधित कुटुंबांनी तिथल्या यंत्रणेपुढे आणि न्यायालयात दाद मागितली.

आता वेळेचा भाग. चित्रपटातलं विष लगेच काम करतं, कारण दोन तासांत गोष्ट संपवायची असते. खऱ्या विषाची खरी भीती त्याच्या उशिरात आहे. पहिल्या दिवशीच्या फवारणीने विकराचा थोडा भाग निकामी होतो. माणसाला काही जाणवत नाही, फार तर डोकं दुखतं, मळमळतं. तो म्हणतो, उन्हाने झालं असेल. दुसऱ्या दिवशी उरलेल्यातला आणखी थोडा जातो. शरीर भरून काढायच्या आत तिसरा दिवस येतो. असं होत एखाद्या दिवशी, तेच औषध, तीच मात्रा, तोच पंप असताना तो वावरातच कोसळतो. गाव म्हणतं, काल तर हाच बरा होता. चित्रपटात मी याच दिवसांना सर्वांत जास्त वेळ देईन. रोज सकाळी पंप भरला जाताना प्रेक्षकाला माहीत असावं, माणसाला नसावं.

पाण्याची गोष्ट आणखी हळू चालते. वाशीमच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरतं, आणि विहिरी त्यावरच भरतात. युरिया, उकिरडा, शोषखड्डा यांतला नायट्रेट पावसाबरोबर खाली उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विदर्भात वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ इथल्या भूजलात तो वाढलेला असल्याच्या नोंदी केंद्रीय भूजल मंडळाने केल्या आहेत. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून तो जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद तो कमी करतो. एच. पी. लव्हक्राफ्टच्या १९२७ च्या एका प्रसिद्ध भयकथेत आकाशातून पडलेल्या दगडाने शेतावरची विहीर नासते आणि कुटुंब तेच पाणी पीत राहतं. कथा अंगावर काटा आणते, पण विष आकाशातून आलेलं असल्याने कोणालाच जाब विचारायचा उरत नाही. आपल्या विहिरीत काय आलं आणि कुठून आलं, हे मोजता येतं.

विषाची तिसरी वाट रिकाम्या डब्यांची. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस होतं; स्वयंपाकाचं तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवल्याचा संशय होता. आपल्याकडे औषधाची रिकामी कॅन धुऊन पाणी, रॉकेल, तेल ठेवायला वापरणारी घरं अजून आहेत.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. भयपटात संशय नेहमी बरोबर ठरतो. पाणी खराब वाटलं म्हणजे पाणीच खराब असतं. प्रत्यक्षात तसं नसतं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडायचं. पुरुष, बाया, शाळकरी मुली, सगळ्यांनाच. लोक धास्तावले. पहिला संशय पाण्यावर गेला, आणि पाण्यात नायट्रेट व क्षार खरंच जास्त निघाले. कोणी बुरशीचा संसर्ग म्हटलं. पुढे विंचूदंशावरच्या संशोधनामुळे ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून सेलेनियमकडे, आणि ते रेशनच्या गव्हातून आल्याकडे बोट दाखवलं. म्हणजे पाणी वाईट होतं, पण त्या केसांचं कारण म्हणून बोट दुसरीकडे गेलं. विषावरच्या चित्रपटाने हा गोंधळ टाळू नये. गावाने चुकीच्या विहिरीवर राग काढणं, त्यासाठी एखाद्या घराला दोष देणं, आणि खरं कारण स्वयंपाकघरातल्या डब्यात असणं, यात कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त नाट्य आहे.

मग येतो सत्तेचा भाग. या चित्रपटांची सत्तेकडे पाहायची रीत इब्सेनच्या ‘जनशत्रू’ (१८८२) या नाटकातून आली आहे : डॉक्टरला पाणी दूषित आढळतं, गावाच्या कमाईला धक्का बसेल म्हणून नगराध्यक्ष ते दाबतो. सत्यजित राय यांनी ‘गणशत्रू’त (१९८९) तेच देवळाच्या तीर्थावर आणलं. त्यात खलनायक एक असतो आणि त्याला ओळखता येतं. वऱ्हाडात तसं झालं नाही. बियाणं विकणारा, औषध बनवणारा, ते विकणारा दुकानदार, सल्ला द्यायचा पण गावं जास्त आणि माणसं कमी असलेला कृषी विभाग, तपासणी नसलेली रुग्णालयं, मजूर लावणारा मालक : प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा. ‘द बे’ची बांधणी इथे लागू पडते ती यामुळे.

आणि सगळ्यांनी मिळून एक सोपं उत्तर पुढे केलं : फवारणाऱ्याने मास्क, हातमोजे, बूट घातले नव्हते. हे खरं होतं. पण दमट उकाड्यात रबरी पोशाख घालून डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पंधरा-वीस लिटरचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालता येत नाही, हेही तितकंच खरं आहे. जी सुरक्षा माणसाला पाळताच येत नाही तिच्यावर विसंबून विष विकायला परवानगी देणं, यात दोष पंप उचलणाऱ्याचा मानता येणार नाही. शासनाने विशेष तपास पथक नेमलं, काही विक्रेत्यांवर कारवाई झाली, मृतांच्या कुटुंबांना मदत जाहीर झाली. २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यात मोनोक्रोटोफॉस होतं. भाज्यांवर ते वापरायला मनाई २००५ पासूनच होती. कपाशीवर मात्र ते त्यानंतरही बराच काळ चालू राहिलं.

कायदाही अशाच एका घटनेतून जन्मलेला आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने बाधलेल्या पिठामुळे शंभरहून अधिक माणसं मेली; त्यानंतरच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. प्रत्येक डब्यावरचा रंगीत त्रिकोण त्या कायद्याखालच्या नियमांनी आला : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून रंग. पण मजुराच्या हाती बहुधा डबा येत नाही, भरलेला पंप येतो, आणि पंपावर त्रिकोण नसतो.

चित्रपटाचा शेवट कसा करावा? रूढ शेवट दोन. एकात राक्षस मरतो. दुसऱ्यात पुरावा दडपला जातो आणि शेवटच्या चौकटीत नवीन गाव दिसतं. मला दोन्ही नकोत. कसलीही गूढता न ठेवता पुढच्या जूनमध्ये कृषी केंद्राच्या काउंटरवर ग्राहक आणि दुकानदार यांच्यातला सौदा पूर्ण दाखवावा : कोणती कीड, कोणतं औषध, कशात मिसळायचं, किती पैसे, बिल मिळालं की नाही. प्रेक्षकाला आता त्यातला प्रत्येक शब्द कळत असेल. मराठीत हे करू शकणारी माणसं आहेत. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने (२००९) विदर्भातलं शेतकऱ्याचं घर खरेपणाने दाखवलं, विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१६) उसाच्या फडातून, दिवसाउजेडी, भीती उभी केली. या दोन्ही जाती एकत्र आणणारा चित्रपट वऱ्हाडाला हवा आहे. तो करणाऱ्याने आधी एक हंगाम मानोरा किंवा कारंज्याच्या वावरांत, फवारणाऱ्यांसोबत काढावा.

तोवर फवारणीच्या घरांसाठी एवढं. फवारताना किंवा नंतर डोळ्यांना धूसर दिसलं, लाळ-घाम सुटला, मळमळलं, तर उन्हाचं कारण समजून झोपू नका. भिजलेले कपडे लगेच काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. आणि टाकीत घातलेल्या प्रत्येक औषधाचा डबा किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरचा अर्धा अंदाज तिथेच संपतो. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास उत्तर देतं.